‘का’पासून सुरू होणारं नाव
नंदकिशोरचं दुसरं लग्न परवावर आलं होतं, म्हणून त्यानं बालाघाटच्या बाजारातून भांड्यांवर नाव घालणारा कारागीर घरी आणला आणि पितळेची सगळी भांडी अंगणात मांडली. "कौनसा नाम मिटाना है, बाबूजी?" कारागिरानं विचारलं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं, कालिंदीचं, नाव नंदकिशोरच्या ओठांवर येईना. "‘का’ से जो भी शुरू हो, सब घिस दो. उस जगह मीनाक्षी लिखो," असं सांगून तो कचेरीला निघून गेला. लग्न होऊन मीनाक्षी घरी आली. पहिल्याच जेवणाला नंदकिशोरच्या सात वर्षांच्या लेकीनं, कावेरीनं, आपला छोटा पेला उचलला आणि त्यावर बोट फिरवलं. आईनं आपल्याच अक्षरावरून ठेवलेलं तिचं नाव बारशाला त्यावर हौसेनं घालून घेतलं होतं. "बाबा, माह्यं नाव कुठी गेलं?" "घासता घासता गेलं असन," नंदकिशोर म्हणाला. "मंग इथं मीनाक्षी कोनं लिहिलं?" वाढता वाढता मीनाक्षीचा हात थांबला. तिनं पेला पाहिला, मग ताट, तांब्या पाहिला आणि नवऱ्याकडं पाहिलं. "मी तुमाले असं कराले सांगितलं होतं का?" कावेरीनं पेला मीनाक्षीपुढं सरकवला. "हा आता तुमचा हाय. मी ओंजळीनं पिते," ती म्हणाली आणि तिनं ओंजळ पुढं केली. नंदकिशोरनं तांब्या उचलला, पण पोरीच्या ओंजळीत पाणी ओतताना त्याला तिच्या तोंडाकडं बघवलं नाही.