पेन्सिलीतले शब्द

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये तीनच रकाने होते. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. भावजयीने लॅपटॉप ताईकडे वळवला.

"हे फुकट आहे आणि सोपं आहे. रोज दोन तास बसलो तर दोन महिन्यांत बाबांचा शब्दकोश तयार. दुसरं जरा किचकट आहे. एकेका शब्दाची कुंडलीच मागतं."

"पहिलंच घेऊ," ताई म्हणाली.

"दुसरं बघा तरी. चपलासुद्धा इतक्या झटकन कोणी घेत नाही."

ताई हसली नाही. जेवणाच्या टेबलावर बुटांचे सात खोके उघडून ठेवलेले होते. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. नंबर लिहून द्यायच्या कार्डांवर त्यांनी स्वतः रचलेल्या भाषेतला एकेक शब्द लिहून ठेवला होता. 'उजवा डोळा' छापलं होतं तिथे शब्द, 'डावा डोळा' छापलं होतं तिथे अर्थ. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि हे खोके कुणाच्या घरी राहणार हे अजून ठरलं नव्हतं.

भावजय कॉलेजच्या ग्रंथालयात सूचीचं काम करायची. कार्ड हातात आलं की ते पारखून बघायची तिला सवयच होती.

"पहिले तीन खोके शाईत आहेत," ती म्हणाली. "पुढचे चार सगळे पेन्सिलीत. असं का?"

"पेन संपलं असेल."

"चोवीस वर्षं? खोक्यांवर सालं लिहिली आहेत."

ताई कार्डांचा गठ्ठा चाळत राहिली. भावजयीने पेन्सिलीतलं एक कार्ड उलटं केलं. मागे बारीक अक्षरात तारखा होत्या. तिने वाचून दाखवलं.

"नऊ मार्च, फोनवर. तिने ऐकलं नाही. दोन जून, फोनवर. घाईत होती. पंधरा ऑगस्ट, जेवताना. बाबा, नीट बोला, म्हणाली." तिने मान वर केली. "ही ती म्हणजे कोण?"

"मी."

भावजयीने कार्ड हळूच खाली ठेवलं.

"आमचा नियम होता," ताई म्हणाली. "एकाने शब्द काढायचा आणि दुसऱ्याने तो आपणहून बोलण्यात वापरायचा. तोवर पेन्सिल. दुसऱ्याने वापरला की शाई. नियम माझाच. आठ वर्षांची होते मी. एकट्यानेच बोललं तर ती भाषा नाही, बडबड, असं मी त्यांना सुनावलं होतं."

"मग?"

"मग तेरा वर्षांची झाले. मैत्रिणी घरी यायच्या, त्यांच्यासमोर बाबा त्या भाषेत हाक मारायचे. मला लाज वाटायची. एक दिवस सांगितलं, आता पुरे." ती थांबली. "पुढे अधूनमधून फोनवर एखादा शब्द टाकून बघायचे. मला कळायचं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ते हे असं लिहून ठेवत असतील असं नव्हतं वाटलं."

भावजयीने जवळचा खोका स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "मी एकदा त्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. मी तर घरातच होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दुसरी जागा भरलेली आहे."

ताईने गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. त्या आधीच सारख्या होत्या.

"ताई, तुम्ही म्हणता तेच बरोबर," भावजय खालच्या आवाजात म्हणाली. "पहिलंच घेऊ या. त्यात शाई काय आणि पेन्सिल काय, सगळं सारखंच दिसेल. कोणाला कळणार आहे?"

"म्हणून तर ते नको."

ताईने लॅपटॉप पुढे ओढला आणि दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. रकान्यांची रांग खालपर्यंत गेली होती. शब्द कोणी सांगितला, कोणाला सांगितला, कधी, कुठे. स्थिती: मान्य की प्रलंबित.

तिने भावजयीने ठेवलेलं कार्डच उचललं. शब्द होता 'चोमेल'. डाव्या डोळ्याखाली लिहिलं होतं: कपाळावर असलेला चष्मा घरभर शोधत फिरणे. भावजयीला हसू आलं आणि तिने ते आवरलं. ताईने अर्थ जसाच्या तसा टंकला. मग मागच्या तारखा, एकेक करून. अकरा होत्या. पहिली ती नोकरीला लागली त्या वर्षाची होती, शेवटची या जानेवारीतली. जेवताना, स्टेशनवर, आणि उरलेल्या सगळ्या फोनवर. स्थितीच्या रकान्यात तिने 'प्रलंबित' निवडलं. भावजयीने हरकत घेतली नाही.

सगळ्यात खाली उच्चाराचा रकाना होता, शेजारी माइकची खूण.

"हे रिकामं सोडता येईल," भावजय म्हणाली.

"नको."

ताईने खूण दाबली. लाल ठिपका लुकलुकायला लागला. तिने कार्ड डोळ्यांसमोर धरलं, घसा साफ केला आणि वाचलं, "चोमेल." चमच्यातला च.

भावजयीने मान हलवली.

"ताई, तो च चहातला आहे," ती म्हणाली. "तुम्हाला फोन लावायच्या आधी बाबा दोन-तीनदा म्हणून बघायचे."