अर्धा तांब्या

"आपल्या मंडळाचा आदिवासी मदत निधी मंजूर झाला, दत्ताराम! पाच हजार दिरहम. म्हणजे बघ, लाखाच्या वर रुपये!" मराठी मंडळाच्या गुणवंत साहेबांनी टाळीसाठी हात पुढे केला. दत्तारामने तो नुसता हातात धरून ठेवला.

दत्ताराम कर्जतकडचा ठाकर. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात गवंडी आणि कामगारांच्या कॅम्पातल्या ठाकरांच्या पंचांत थोरला. शारजात, अल मजाज भागातल्या साहेबांच्या या बाराव्या मजल्यावरच्या घरी तो एकाच कामासाठी आला होता. त्याचा भाचा नागेश कोठडीत होता. मारामारीत त्याने हमीद पठाणाचा दात पाडला होता.

"पंच बसले, साहेब. हमीद माफी द्यायला तयार हाय. चौकीत गेलो, तर म्हनतात, अरबीत सांगनारा जबाबदार मानूस आना. हमीदचं इमान आज संध्याकाळी उडनार हाय. तो गेला की माफी कोन देनार? पोराची जेल होईल. तुमच्या निधीत गाडी नि अरबीवाला हाय ना? आज द्या."

"आज?" साहेब कळवळले. "अरे, निधीचं उद्घाटन सव्वीसला आहे. त्याआधी पैसे काढले तर कमिटी मला खाईल. मी स्वतः आलो असतो रे, पण कमिटीच जेवायला येतेय."

"अहो, श्रीखंड राहिलंय आणायचं!" आतून साधनाबाई ओरडल्या.

साहेब वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला चार शिव्या तरी घालता येतात.

"बरं, ते तांब्याचं काय असतं तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"ज्याला लागलं त्यानं अर्धं पानी प्यायचं. उरलेलं ज्यानं मारलं त्यानं. मग भांडान खलास. पुन्यांदा नाव काढायचं नाय."

"वा! हेच दाखवायचं स्टेजवर. आदिवासींचा न्याय, आदिवासींच्या हातात! तांब्या तेवढा विसरू नकोस हं."

गॅलरीतून ईशानी आत आली. "बाबा, देअर्स अ मॅन सिटिंग डाउनस्टेअर्स. इन दॅट सन!"

"हमीद हाय तो," दत्ताराम म्हणाला. "वॉचमननं वर सोडला नाय. तांब्या घेऊन बसलाय."

साहेब घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सव्वीसनंतर पहिलं काम तुझंच. इन्शाल्ला."

दत्ताराम खाली आला. हमीद नव्हता.

"पठान गया," वॉचमन म्हणाला. "उसका भाई टॅक्सी लेके आया. बोला, एअरपोर्ट का टाइम हो गया. बहुत देखा तुम्हारा रास्ता."

भिंतीच्या कडेला तांब्या होता. वर हमीदचा रुमाल झाकलेला. दत्तारामने रुमाल काढला. पाणी बरोबर अर्धं होतं. एवढ्या उन्हात बसून त्या माणसाने एक घोटही जास्त घेतला नव्हता. दत्तारामला रडू आलं. वॉचमनसमोर त्याने डोळे त्याच रुमालाने पुसले.

रास अल खैमाच्या शेअर टॅक्सीत तो तांब्या मांडीवर धरून बसला.

"चाचा, पानी फेंक दो," ड्रायव्हर कुरकुरला. "सीट गीला होगा."

"नाय," दत्ताराम म्हणाला. "भाच्याच्या वाटचं हाय."

ड्रायव्हरला मराठी कळलं नाही. वाटेत नागेश होता ती चौकी आली आणि गेली. दत्तारामने तांब्यावर तेवढा हात ठेवला.