पहिला प्रोग्राम

टायपिस्ट बाईंनी प्रोग्रामिंगच्या वर्गासाठी नाव दिलं, तेव्हा विभागप्रमुखांनी ते सगळ्यांदेखत खोडलं. "मावशी, आधी माउस नीट धरायला शिका!" अख्खा विभाग खो खो हसला.

बाई दीड वर्ष जेवणाच्या सुट्टीत रोज एक धडा शिकल्या. चुकला की तोच पुन्हा. घाई केली नाही. पहिला प्रोग्राम कशाचा लिहायचा, हे मात्र त्यांनी नाव खोडलं त्याच दिवशी ठरवलं होतं.

विभागप्रमुख दर महिन्याला चार दिवस दार लावून जो अहवाल बनवायचे, तो आज संचालकांसमोर बाईंच्या प्रोग्रामने चार सेकंदांत तयार केला.

"मग आता यांना काय काम द्यायचं?" संचालकांनी विभागप्रमुखांकडे पाहत बाईंना विचारलं.



"माझी टायपिंगची खुर्ची रिकामी होतेय, साहेब. माउस छान धरतात ते."