दोनशे चौदावी ओळ

बोट बुडाली तेव्हा धाकटा भाऊ तिच्यावर होता. वाचलेल्यांची यादी थोरल्या बहिणीच्याच कचेरीत आली. तिने रेगेक्स, म्हणजे नाव शोधायचा साचा, लिहून पाहिला. पण भाऊ काही सापडेना.

"डोळ्यांत तेल घालून बघ गं," शेजारी बसलेली आई म्हणाली.

मग चूक दिसली. नाव-आडनावात तिने एकच मोकळी जागा धरली होती. टाइप करणाऱ्याने कुठेकुठे दोन सोडल्या होत्या. साचा सुधारताच उत्तर आलं: ओळ दोनशे चौदा. आईच्या जिवात जीव आला.

बहिणीने खात्रीसाठी यादी उघडली. ओळी दोनशे तेराच होत्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, सुखरूप आहे मी. आत्ताच काठाला लागलो. अजून कुणाला नावसुद्धा सांगितलं नाही."