फटफटीची तक्रार

"सायलेन्सर कुठी आहे?" गुणवंतराव जमादारांनी विचारलं.

"घरी काढून ठेवला, साहेब," इसरू म्हणाला. "चांगला आहे. फडक्यात बांधून ठेवला."

चौकीच्या दारात त्याची फटफटी दुधाच्या रिकाम्या कॅनसकट उभी होती. रोज संध्याकाळी नाल्यापलीकडच्या वस्तीतून दूध घेऊन ती मोहटोल्यात शिरली की घराघरातली भांडी थरथरायची.

साल सत्त्याऐंशी. गुणवंतराव कोरपन्याहून नुकतेच बदलून आले होते. तिकडे कापसाची उघडी रानं, इथे चौकीच्या मागल्या भिंतीलाच जंगल चिकटलेलं. आल्या आल्या त्यांनी दवंडी पिटवली. ज्याला गाडीच्या आवाजाचा त्रास होत असेल त्याने चौकीत येऊन गाडीचा नंबर, वेळ आणि रस्ता सांगावा. लिहिता येत नसेल तर तोंडी चालेल, आणि सांगणाऱ्याचं नाव बाहेर फुटणार नाही. कायदा असा हात जोडून दारात आला, तरी गावातलं एकही माणूस चौकीकडे फिरकलं नाही. तक्रार आली ती एकच, आणि तीही जमादारांच्या घरातून.

त्यांची बायको मीराबाई सरकारी नर्स होती. लसी टोचायला नाल्यापलीकडे जायची आणि दिवस कलताना पायी परतायची. तिला अर्धशिशीचा त्रास होता.

"तो इसरू पुढं निघून नाई जात," तिने सांगितलं होतं. "माह्या मागं मागंच चालवते, गाव येईपर्यंत. डोकं फुटते माह्यं. अन् भेवही लागते."

गुणवंतरावांचा जीव होता तिच्यावर. लग्न जुनं झालं होतं, तरी तिला जरा उशीर झाला की जमादार काहीतरी निमित्त काढून पायरीवर येऊन उभे राहायचे.

"सायलेन्सर काढाले कोनं सांगतलं?" त्यांनी आता विचारलं.

इसरूने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाटलासाठी जी. आवाज असला का पाटलाले समजते, कोनी येऊन राह्यलं म्हून."

गुणवंतरावांच्या कपाळाची शीर उडाली. त्यांचा बाप पाटलाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचा. छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्यानंतर बापाच्या चपला कधी पायातून निघाल्या नाहीत. त्या बापाचा मुलगा खाकी घालून खुर्चीत बसला होता, आणि समोरचा गडी सांगत होता की इथे अजून पाटलाला वर्दी द्यावी लागते!

"कोन पाटील? नाव सांग त्याचं."

"नाव नाई घेत जी आमी."

"राह्यते कुठी?"

"नाल्याकडं. कधी अलीकडं, कधी पलीकडं."

ओट्यावर बसलेली म्हातारी ठमाबाई मध्ये पडली. "पोराले सोड ना, भाऊ. पाटलाचा लय दरारा आहे. मागच्या पुनवेले माह्या दोन शेळ्या नेल्या."

"मंग तक्रार काऊन नाई केली?"

ठमाबाई बोळक्या तोंडाने हसली. "पाटलाची तक्रार? तू बोलावशीन, अन् थो येइन का तुह्या चौकीत?"

गुणवंतरावांना तिची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. "बाई, पाटीलकी गेली आता. कायद्यापुढं सारे सारखे. तुमच्या पाटलाले मी एकटा भेटतो, पाहाच."

म्हातारीचं हसू मावळलं. "असं नको बोलू, बापा," ती म्हणाली आणि पदर सावरून घराकडे निघाली.

जमादारांनी फटफटीची किल्ली खिशात टाकली. "गाडी इथीच राहीन. आजपासून आवाज बंद."

इसरूने बाहेर पाहिलं. ऊन सागाच्या शेंड्यांवर चढलं होतं. "मंग मले पायी जाऊ द्या, साहेब. डबा वाजवत जातो. बाई निघाली असन."

"कोन बाई?"

"तुमची."

चौकीत चपराक वाजली. "माह्या बायकोची वाट पाह्यते काय रे?"

इसरूने गाल धरला, पण तो मागे सरला नाही. "बाई एकटी येते म्हून मी तिच्या मागं राह्यतो जी. पाटलाची नजर आहे तिच्यावर. कालही मागं मागं आले होते. माह्या गाडीनं थांबले."

रागाने गुणवंतरावांना दिसेनासं झालं. गावच्या शेळ्या पचल्या, आता बायकांवर नजर! त्यांनी इसरूला कोठडीत ढकललं, कडी लावली आणि काठी उचलली.

"साहेब, गाडी चालू करून न्या!" इसरू गजांना धरून ओरडत होता. "हात जोडतो, आवाज करत जा!"

गुणवंतराव पायीच निघाले, तेही झाडांच्या आडोशाने. पाटलाला रंगेहाथ धरायचं तर त्याला चाहूल लागता कामा नये.

रस्ता शांत होता. इतके दिवस त्यांना हवी होती तशीच ती शांतता होती, पण आता ती अंगावर येत होती. पाखरंही बोलत नव्हती. लांब कुठेतरी एक वानर खोकल्यासारखं खेकसलं आणि गप्प झालं.

नाल्याच्या वळणावर लसीची पेटी आडवी पडली होती. झाकण उघडं होतं, आतला बर्फ अजून वितळला नव्हता.

"मीरा!"

बाजूच्या बांबूच्या बेटात वाळला पाला चुरचुरला. कोणीतरी जड पावलांनी चालत होतं, अगदी निवांत, आपल्याच आवारात फिरावं तसं. गुणवंतरावांना बापाची आठवण झाली आणि त्यांनी काठी घट्ट धरली.

"पाटील!" ते ओरडले. "हिंमत असन तर समोर ये!"

बांबू बाजूला सरले आणि पाटील समोर आले, चार पायांवर, मीराबाईच्या पांढऱ्या पातळाचा पदर जबड्यात धरून.