भाकरीचं गाठोडं

हैदराबादला पहिल्यांदाच निघालेल्या गौराबाईला शेजारणीनं बजावलं होतं, “लय उचले हायेत तिथं. गळ्यातली चांदी तोडून नेतेत.” त्या धास्तीनं तिनं चुडाव्याला निजामाच्या आगगाडीत बसताच लिंगायतांनी कायम अंगावर बाळगायचं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट गळ्यातून काढून भाकरीच्या गाठोड्यात दडवली. चारमिनार बघून लिंगायत खानावळीत पाटावर बसल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, “अवो, गाठोडं कुठंय?” “टेसनावरच भिकारणीला दिलं की. शहरात येऊन शिळ्या भाकरी खायच्या का?” कल्याणराव हसले. जेवणाआधीच्या पूजेसाठी आपलं इष्टलिंग तळहातावर घेत म्हणाले, “पूजा उरक, जिलबी गार व्हायलीय.” लिंग हरवलेल्यानं जीव ठेवू नये, असं आई सांगायची. गौराबाईनं पदराआड रिकाम्या तळहाताला भस्म लावलं, डोळे मिटले. “बघ, उगंच भेत व्हतीस,” पूजेनंतर ते म्हणाले, “काय गेलं का आपलं?” गौराबाईनं जिलबीचा घास घेतला. दुसऱ्या हातानं पदर गळ्याभोवती ओढून घेतला.