थोरल्याचं पहिलं अक्षर

“भावजी, बघा बरं, बरोबर येतंय का?”

शिवणाच्या टेबलावर सुटाचं निळं कापड पसरलं होतं. वहिनीने त्याच्या कडेला खडूने एक चौकोन काढला आणि दिराकडे पाहिलं.

धाकटा चौकोनावर वाकला. दोघं आत्ताच थोरल्याच्या थडग्यावरून परतले होते. दफनाला त्याला पोचता आलं नव्हतं, म्हणून आज तिथे पोटभर रडायचं असं तो ठरवूनच गेला होता. दगडावर नावाच्या दोन ओळी होत्या. वरची वहिनीच्या लिपीत, खालची दोघा भावांच्या मायदेशातल्या अम्हारिक लिपीत. खालच्या ओळीत पहिल्या अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन होता. खोल, सुबक, सोनेरी रंग भरलेला. आलेलं रडू तिथल्या तिथे विरलं, ते अजून परतलं नव्हतं.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या धाकट्याला तो चौकोन कुणी समजावून सांगायला नको. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक नंबर. दगडवाल्याला नाव टाइप करून धाकट्यानेच पाठवलं होतं. नंबर सगळे बिनचूक पोचले, पण दगडवाल्याच्या जुन्या मशीनकडे त्यातल्या एका नंबराचं अक्षरच नव्हतं. अशा वेळी मशीन चौकोन टाकून मोकळं होतं. इथे काहीतरी होतं, मला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. दगडवाल्याला तरी लिपी कुठे कळत होती? त्याने चौकोन तर चौकोन, इमानेइतबारे कोरून दिला. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती अशी.

“घरात कधी तुमच्या भाषेत लिहिलंच नाही हो त्यांनी,” वहिनी म्हणाली. “लिहिणार तरी कुणाला? मला मेलीला ‘शिकवा’ म्हणायचं कधी सुचलं नाही. मग दगडावर दिसलं. म्हटलं, निदान नावाचं पहिलं अक्षर तरी यावं.”

गिऱ्हाइकाची मापं वाचून दाखवावीत, तसा तिचा आवाज होता.

“सगळे म्हणतात, एकदा मोकळी रड. येतच नाही. काही वाटतच नाही, भावजी. हे काढत बसले की तेवढा वेळ ते जवळ असतात.”

सांगून टाकावं, धाकट्याने ठरवलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? दगड घासून घेता येईल, खरं अक्षर कोरता येईल. आज नाही सांगितलं तर पुढे कधीच सांगता येणार नाही, हेही त्याला कळत होतं.

“वहिनी...”

“चुकलं का?”

तो आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात काहीतरी हललं. ती भीती होती.

“नाही, नाही. बरोबर आहे.”

“अगदी त्यांच्यासारखं?”

दादाचं अक्षर आठवायला धाकट्याने डोळे मिटले. लहानपणी शेजारी बसून गिरवलेलं ते अक्षर. त्याला फक्त चौकोन दिसला.

“दादाचं जरा उजवीकडे कलायचं,” तो म्हणाला.

“अहो, मग आधी नाही का सांगायचं!”

वहिनी लगबगीने आत गेली आणि थोरल्याच्या शर्टांची चळत घेऊन आली. एकेक कॉलर तिने उलटून दाखवली. प्रत्येकीच्या आत तांबड्या दोऱ्याने भरलेला एकेक चौकोन होता, सुतात सरळ. पहिला शर्ट मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली आणि टाके उसवायला लागली.